बदामची पंजी

देवळीच्या अलीकडच्या त्या गावात मनोहररावांच्या घरी पत्ते वर्षातून एकदाच निघायचे, दिवाळीच्या पाडव्याला. गाईंना ओवाळून झालं, खिरीची पातेली चाटूनपुसून रिकामी झाली की म्हातारा स्वतः उठायचा आणि फळीवरची गड्डी उतरवायचा. घरात पैसे लावायला बंदी होती. धुरपताबाई, म्हणजे मनोहररावांची बायको, वर्षभर जमवलेल्या चिंचोक्यांचा डबा ओसरीवर उपडा करायच्या आणि मग तीन पत्ती सुरू व्हायची. शेजारपाजारचे येत, हरत, जिंकत, चिवडा खात, उठून जात. दिवस कलायला आला की घरचेच तेवढे उरत आणि मनोहरराव म्हणत, "चला, आता पान्याचा डाव."

हा डाव चिंचोक्यांचा नव्हता.

मनोहररावांना दोन मुलगे. थोरला हेमराज, धाकटा कैलास. शेताची वाटणी झाली होती, विहिरीची झाली नव्हती. एक विहीर, एक मोटर आणि दोघांची वांगी, गोबी, सांबार म्हणजे कोथिंबीर, सगळं तिच्यावर. शेताची वीज आठवड्यात काही दिवस दिवसा यायची आणि उरलेले दिवस रात्री. दोघा भावांपैकी एकानं दिवसाचं ओलित करायचं, दुसऱ्यानं रात्रीचं. आलटूनपालटूनही पाहिलं होतं. पण एखाद्या दिवशी वीज गेली की ती कोणाच्या पाळीतली धरायची यावरून भाऊ भाऊ एक अख्खा हंगाम बोलले नव्हते. तेव्हा म्हाताऱ्यानं तोडगा काढला. पाडव्याच्या शेवटच्या डावात ज्याचं घर जिंकेल, त्याला त्या हंगामात दिवसाचं पाणी. "मानसावर रुसता येते," तो म्हणे, "पत्त्यावर कोन रुसन?"

हेमराज लागोपाठ दोन वर्षं हरला होता. दोन हिवाळे त्यानं बॅटरी घेऊन चिखलात काढले होते. यंदा तो बसलाच नाही. "नयन बसते माह्या जागी," तो म्हणाला. "कॉलेजात हेच तं शिकली थे."

नयन त्याची मुलगी. वर्ध्याला भौतिकशास्त्रात बीएस्सी करून नुकतीच घरी आली होती आणि पुढच्या परीक्षेचा अभ्यास करत होती. पत्ते कोणी तिला शिकवले नव्हते, पण शक्यतेचं गणित शिकवलं होतं आणि तीन पत्तीला तेवढं पुरतं. तीन पत्त्यांत जोडी साधारण सहातून एकदा येते, एकाच रंगाचे तिन्ही पत्ते, म्हणजे कलर, शंभरातून पाचदा. जोडीपेक्षा कलर मोठा. ती दुपारभर खेळली त्यातले बहुतेक डाव तिनं सोडूनच दिले होते. पत्ते पाहायचे, खाली ठेवायचे, म्हणायचं, "पॅक." कैलासची बायको, तिची काकू, वैतागली.

"काय व नयन, बसली कायले मंग? पॅक करायले तं आमची म्हैसबी करन."

"तिले जमन, काकू. तुम्हालेच नाई जमत."

सगळे हसले. कैलासकाका सगळ्यांत मोठ्यानं हसला. तो तसाच होता. हातात काही नसतानाही चिंचोके ढकलत राहायचा, समोरचा घाबरून उठेपर्यंत. गावातला माल 'छोटा हत्ती' टेम्पोत भरून पहाटे वर्ध्याच्या बाजारात न्यायचा, आडत्यांशी हुज्जत घालायचा, येताना सगळ्यांची औषधं, बियाणं, रिचार्ज घेऊन यायचा. ती गाडी म्हणजे त्याचा अर्धा जीव.

पाण्याच्या डावात तिघं बसले. नयन, काका आणि धुरपताबाई. आजी दोघांपैकी कोणाच्याच बाजूची नव्हती. ती जिंकली तर डाव पुन्हा वाटायचा, एवढाच तिचा अर्थ. ती पत्ते न पाहता खेळायची. मनोहररावांनी पत्ते वाटले. नयननं पाहिलं. दोन राण्या आणि एक सत्ती. चांगला हात. काकानं आपले पत्ते डोळ्यांपासून लांब धरले, मग जवळ आणले, मग ओसरीच्या कडेच्या उजेडाकडे तिरपे केले आणि चिंचोके ढकलले. नयननं ढकलले. आजीनं न पाहता ढकलले. दोन-तीन फेऱ्या झाल्या. काका थांबेना.

"साइड," नयन म्हणाली.

साइड मागायची म्हणजे आपल्या आधीच्या खेळाडूला म्हणायचं, चल, तुझे-माझे पत्ते आपण दोघंच पाहू. ज्याचे लहान, त्यानं पॅक करायचं. ते पत्ते तिसऱ्याला दाखवायचे नाहीत आणि तिसऱ्यानं विचारायचे नाहीत. पॅक केलेले पत्ते उपडे गड्डीत जातात. घरात चिंचोक्यांची चोरी चालून जायची, पण गड्डीत गेलेला पत्ता परत कोणी मागितला असं कधी झालं नव्हतं.

काका तिच्याकडे सरकला. दोघांनी गुडघ्याच्या आडोशाला पत्ते उघडले. काकाचे पत्ते होते एक्का, नव्वी, पंजी. तिन्ही बदाम. कलर. शंभरातले पाच आज इथं येऊन बसले होते. तिनं पत्ते मिटायला घेतले, तेवढ्यात काका चुकचुकला.

"दोन राण्या हायत व तुह्याजवळ! माह्यावाला तं नुसता एक्काच होता. दोन बदाम, एक चौकट." आणि आपले पत्ते उपडे गड्डीत सारून तो म्हणाला, "घ्या, आम्ही पॅक."

नयनचं तोंड उघडं होतं. शब्द तिथंच होता, दाताच्या मागे. काका, पंजी बदामची आहे. एवढंच बोलायचं होतं. गड्डी जुनी होती, लाल रंग विटून विटकरी झाला होता, बदामाची खाच झिजली होती. पण नयनला ती स्पष्ट दिसली होती, तशी ती कोणालाही दिसली असती.

तिनं बापाकडे पाहिलं. हेमराज खांबाला टेकून बसला होता, हात मांड्यांखाली दाबून. तिच्या लहानपणी निकालाच्या दिवशी शाळेच्या फाटकापाशी तो असाच बसून असायचा.

"मले पान्याचं काय करायचं?" आजी म्हणाली आणि पत्ते न पाहताच टाकून दिले. "मीबी पॅक. भजे तळायचे हायत मले."

डाव संपला. हेमराजनं मांडीखालून हात काढले आणि नयनच्या डोक्यावर ठेवले.

*

सुरुवातीचे दिवस नयननं स्वतःशी नीट, मुद्देसूद वाद घातला. नियम काय सांगतो? ज्याचे पत्ते, त्यानं वाचायचे. तिनं खोटं सांगितलं नव्हतं, ती काही बोललीच नव्हती. शिवाय बाबांनी दोन वर्षं रात्रीचं पाणी दिलं होतं, सरासरीनं पाहिलं तर यंदा दिवसाची पाळी त्यांचीच. आणि जुन्या गड्डीवर ओसरीच्या उजेडात कोणाचीही चूक होऊ शकते. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढायचा नसतो.

पण निरीक्षणं थांबेनात. काकानं औषधाची बाटली हातात घेतली आणि तारीख वाचायला मुलीला, आचलला दिली. डिजिटल काट्याचे लाल आकडे तो आता स्वतः वाचत नव्हता, "बोल बोल, किती?" असं समोरच्यालाच दरडावून विचारत होता आणि समोरच्याला वाटे, काकाचा रुबाब आहे. एकदा अंगणात वाळत घातलेल्या आजीच्या लुगड्याला तो "राम राम" म्हणाला. सगळ्यांना ती गंमत वाटली. काकानंही ती गंमतच करून टाकली. नयनला मात्र आता माहीत होतं. एवढ्या मोठ्या घरात ते तिला एकटीलाच माहीत होतं आणि तिला ते कळलं होतं त्या डावात, ज्यानं काकाला रात्रीच्या अंधारात पाठवलं होतं.

दुपारी हेमराज उन्हात, टोपी मागे सारून, गाणं गुणगुणत सऱ्या बदलायचा. ती त्याचा डबा घेऊन जाई.

"पोरगी शिकवली तं अशी कामाले येते," तो एकदा म्हणाला. पाणी सरीत शिरत होतं, त्यावर ऊन हलत होतं. नयननं डब्याचं झाकण लावलं.

मग एका सकाळी काका लंगडत आला. चहा चालला होता. त्यानं पाय सरळ केला, काकूनं तेल-हळद आणली.

"काय झालं रे?" मनोहररावांनी विचारलं.

"काई नाई, पान्याच्या दांडात पाय गेला. अन् दुसरी गंमत तं ऐकाच. पाइप ओढाले वाकलो ना मी. हात घालनार, तं पाइपच सरकला!" तो हसू लागला. "मी म्हनतो, आबा, पाइप बिनपान्याचा कसा काय पळून राह्यला? मंग त्यानं फना काढला. म्हटलं, बसा महाराज, तुमचंच शेत हाय."

"फेक मारून राह्यला," हेमराज हसत म्हणाला.

"तुह्या गळ्याची शप्पथ, दादा."

आचल हसली, आजी हसली, हसता हसता तिनं सापाला हात जोडले. काकूचा हळदीचा हात मात्र नवऱ्याच्या पायावर तसाच थांबला होता. नयननं कप खाली ठेवला. ओल्या काळ्या मातीवर काळा पाइप, त्याच्या शेजारी काळा साप. बॅटरीच्या उजेडात ज्याला खाच दिसत नाही, त्याला फणा निघेपर्यंत काय दिसणार? पुढच्या वेळी तो फणा काढेलच असं कोणतं गणित सांगत होतं?

*

त्याच दुपारी फळीवरच्या गड्डीतून तिनं दोन पत्ते काढले आणि विहिरीवर गेली. काका गोबी क्रेटमध्ये भरत होता.

"काका, एक सांगा. हा कोनता पत्ता?"

"पंजी." ठिपके त्यानं बोटानं मोजल्यासारखे केले.

"कशाची?"

त्यानं पत्ता लांब धरला, जवळ आणला, उन्हाकडे तिरपा केला. अगदी पाडव्यासारखाच. "चौकट."

"अन् हा?"

"हाबी चौकटच." मग तो हसला. "एका गड्डीत दोन चौकटच्या पंज्या? काय जादू शिकून आली का?"

"पहिली बदामची हाय, काका."

हसू त्याच्या तोंडावर थोडा वेळ तसंच राहिलं, उतरायचं विसरल्यासारखं. नयननं सांगून टाकलं. एक्का, नव्वी, पंजी. तुमचा कलर होता. मी पाहिला होता.

काकानं गोबीचा एक गड्डा उचलला, त्याचा पाला तोडला, तो तोडतच राहिला.

"तवा काऊन नाई बोलली?"

तिच्याकडे नियम होता, सरासरी होती, जुनी गड्डी होती. "जिंकायचं होतं," ती म्हणाली.

"बरं." पाला संपला होता. "आता बोलू नको."

"मी आबाजीले सांगते. दिवसाचं पानी तुमचं हाय."

"काय सांगशीन? कैलासले बदाम अन् चौकट समजत नाई?" त्याचा आवाज चढला, मग त्यानं आजूबाजूला पाहून तो दाबला. "दादा पयले माह्या हातातली गाडीची चावी घेईन. बाजार कोन पाह्यन मंग? अन् गावात काय सांगू? आंधळा झालो? पत्ते गड्डीत गेले, नयन. गड्डीतला पत्ता कोनी मांगत नाई."

"डॉक्टरले दाखवा ना, काका. मोतीबिंदू असन तं साधं ऑपरेशन असते. मी येते संगं."

"हंगाम होऊ दे."

"अन् रातचं?"

"रातचं पाह्यलं जाईन." त्यानं क्रेट उचलली. "तुले लय वाटत असन, तं तोंड मिटून ठेव. जमते तुले थे."

तो टोमणा नव्हता. तो सरळच बोलला होता, म्हणून तो खोल गेला. आणि नयनला आणखी एक गोष्ट दिसली, तीही आता न पाहिल्यासारखी करता येत नव्हती. हा माणूस रोज पहाटे गाडी घेऊन वर्ध्याच्या रस्त्याला लागत होता.

*

खरं सांगितलं तर काकाची चावी जाते, नाही सांगितलं तर काका रात्री दांडावर. नयननं दोन दिवस याच्यावर विचार केला, परीक्षेतला अवघड प्रश्न करावा तसा. असं उत्तर हवं होतं, ज्यात पाणी काकाला मिळेल आणि डोळ्यांचा उल्लेख येणार नाही. साइडमध्ये दोघांनीही पत्ते पाहिलेले, त्यामुळे 'त्यांचे मोठे होते' एवढंच म्हणून चालणार नव्हतं. लगेच कोणीतरी विचारणार, मग कैलासनं पॅक का केलं? सगळ्या बाजूंनी जुळेल असं एकच उत्तर निघालं.

चहाच्या वेळी सगळे ओसरीवर असताना ती मनोहररावांसमोर जाऊन बसली.

"आबाजी, पाडव्याले मी चोरी केली."

"कायची व?"

"दुसरी राणी माह्यी नव्हती. गड्डीतून उचलली होती. दिवसाचं पानी काकाचं हाय. मी पॅक."

वाटीत बुडवलेला पाव आचलच्या हातून तुटून चहात पडला. हेमराजनं नयनकडे पाहिलं आणि मग दुसरीकडे पाहिलं, रस्त्यावर कोणाची तरी फजिती चालली असावी आणि आपण तिथून निघून जावं तसं. तो उठला, चपला न घालताच गोठ्याकडे गेला.

"शिकली म्हनून हे शिकली?" काकू म्हणाली. "माहा नवरा सापावर हात टाकनार होता."

"हो, काकू."

"हो काय म्हनतं?"

नयननं काकाकडे पाहिलं. तो कपात पाहत होता. त्याला माहीत होतं, की राणी तिचीच होती. तो एक शब्द बोलला असता, तर काकूच्या तोंडचं ते थांबलं असतं. शब्द त्याच्याही दाताच्या मागे असणार. नयन थांबली. काकानं चहा संपवला आणि कप उपडा ठेवला.

मनोहररावांनी निकाल दिला. पाणी कैलासला. आणि नयननं या घरात पुन्हा पत्त्याला हात लावायचा नाही.

त्या आठवड्यापासून हेमराज बॅटरी घेऊन रात्रीचा जाऊ लागला. तो नयनशी बोलत असे, पण कामापुरतं. डबा आण. स्टार्टर पाह्य. ती एकदा म्हणाली, "बाबा, मी येऊ का संगं?" तो म्हणाला, "नको. तू अभ्यास कर," आणि 'अभ्यास' हा शब्द त्यानं असा उच्चारला, की तिनं पुस्तक उघडलं नाही.

तरीही तिला जरा हलकं वाटत होतं, हे तिनं स्वतःशी मान्य केलं. शिक्षा मिळत होती. ती भलत्याच गुन्ह्याची होती, पण मिळत होती.

*

संक्रांत उलटली. एका सकाळी छोट्या हत्तीत माल भरून झाला होता. काका गाडीत चढला नाही. अंगणात मनोहरराव, हेमराज, काकू, सगळेच होते. काकानं खिशातून चावी काढली आणि हेमराजसमोर धरली.

"दादा, आज गाडी तू चालव."

"काऊन? पाय दुखते?"

"पाय नाई. डोळे." त्यानं घसा साफ केला. "काल देवळीच्या फाट्यावर एक सायकलवाली पोरगी... लागली नाई. थोडक्यात राह्यली. मले थे दिसलीच नाई, दादा. तिनं शिव्या देल्ल्या तवा समजलं, की कोनीतरी हाय."

हेमराजनं चावी घेतली. "कवापासून दिसत नाई तुले?"

"दिवाळीच्या आधीपासून."

मनोहरराव काठी टेकून उभे होते, ते हळूहळू नयनकडे वळले. म्हाताऱ्यानं आयुष्यभर पत्ते वाटले होते. कोणता पत्ता कोणाच्या हातातून कुठे गेला, हे त्याला मागून का होईना, पण जुळवता येत असे.

"नयन. इकडं ये."

ती गेली.

"राणी तू गड्डीतून उचलली होती?"

"नाई, आबाजी."

"मंग कैलासचे पत्ते मोठे होते."

"कलर होता. बदामचा."

"अन् त्याले दिसला नाई."

"नाई."

"तुले दिसला."

"हो."

"अन् त्याले दिसत नाई, हेबी तुले तवाच दिसलं?"

खोट्या चोरीच्या मागे इतके दिवस तिनं हेच लपवलं होतं, काकासाठी लपवते आहे असं म्हणत. चोरी सांगताना तिचा आवाज कापला नव्हता. आता कापला.

"हो, आबाजी. तवाच."

मनोहररावांनी काठीच्या टोकानं मातीत एक रेघ ओढली.

"चोरी केली असती तं बरं होतं, पोरी," ते म्हणाले आणि घरात गेले.

हेमराज चावी हातात घेऊन उभा होता. त्यानं नयनकडे पाहिलं, त्या दिवसानंतर पहिल्यांदाच नीट. त्या पाहण्यात राग होता, पण 'ही कोण' असा प्रश्न आता नव्हता. मग तो गाडीत चढला. काका पलीकडून चढला आणि मधली जागा ठेवून बसला.

"चाल," तो म्हणाला. "डॉक्टरकडं येतो म्हनली होती ना?"

"काका, मी..."

"मीबी थ्या दिवशी कप उपडा घालून उठलो. मले का तोंड नव्हतं?" तो समोरच्या काचेकडे पाहत होता, जिच्यातून त्याला किती दिसत होतं कोण जाणे. "बस आता. थे तिकडं फळ्यावरचे अक्षरं वाचाले लावतात म्हनते. माह्या बाजूनं काई सांगू नको मले. जेवढे दिसतीन तेवढेच वाचीन."

नयन दोघांच्या मधे बसली. हेमराजनं गाडी सुरू केली.